पिंजऱ्यातील सरडगुहिऱ्याच्या मादीची प्रसवपूर्व निगा

सरडगुहिऱ्याची मादी नराच्या सहवासावाचूनही अंडी घालते. हा प्राणी हौसेने पाळणाऱ्या पुष्कळांना ही गोष्ट कळते, ती अंडी तिच्या पोटात तयार झाल्यावर, आणि कित्येकांना तर मादी दगावल्यावरच. एकटी राहणारी, निरोगी दिसणारी, खाऊनपिऊन तृप्त असलेली मादी एके दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून पडलेली आढळते. शवविच्छेदन केले असता उदरगुहा अंड्यांनी किंवा पीतकाने फुगलेल्या पुटकांनी भरलेली सापडते. ह्या मृत्यूंपैकी बरेचसे टाळता येण्याजोगे असतात. मात्र त्यासाठी लागणारी व्यवस्था प्रसवाच्या आठवड्यात करून भागत नाही. तिची सुरुवात मादी चार-पाच महिन्यांची होताच व्हावी लागते. तसे का, हे समजण्यासाठी अंडे तयार होण्याची क्रिया आणि तिच्यावर आहार, ऊष्मा व प्रकाश ह्यांचा होणारा परिणाम ध्यानी घेणे अवश्य आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. मराठीत ‘सरडा’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बागेच्या कुंपणावर बसून मान हलविणारा परिचित सरडा अ‍ॅगॅमिडी कुलातील होय. सरडगुहिरा, ज्यास काही भागांत घोयरा म्हणतात, तो शॅमिलिऑनिडी ह्या वेगळ्या कुलातील प्राणी आहे. एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे, लांब फेकली जाणारी जीभ, फांदीस वेढा घालणारी शेपटी आणि चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली बोटे ही त्याची लक्षणे. तो विषारी असल्याची समजूत आपल्याकडे खेडोपाडी आढळते. ती सर्वस्वी निराधार आहे. भारतात आढळणारी जाती म्हणजे शॅमिलिओ झेलॅनिकस. तिला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्यामुळे तिला पकडणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. येथे विवेचनासाठी घेतलेली जाती ती नव्हे. यूरोप व अमेरिका ह्या खंडांत दीर्घकाळ पाळली जाणारी आणि प्रयोगशाळांतही रुळलेली जाती म्हणजे शॅमिलिओ कॅलिप्ट्रेटस, अर्थात येमेनी सरडगुहिरा.

हा प्राणी मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच अस्थिमय उंचवटा असल्यामुळे तो चटकन ओळखू येतो. नराच्या मागील पायाच्या टाचेवर जन्मतःच एक लहानसा काटा असतो व मादीस तो नसतो. त्यामुळे पिल्लू कोणत्या लिंगाचे आहे हे पहिल्या दिवसापासून सांगता येते, आणि मादी पाळणाऱ्यास पुढे काय येणार आहे ह्याची पूर्वसूचनाही तेव्हाच मिळते. जाती काटक व बहुप्रसव आहे. फ्लॉरिडात आणि हवाई बेटांपैकी माउई येथे पाळलेल्या प्राण्यांपासून तिच्या स्वैर वसाहती निर्माण झाल्या आहेत, ह्यावरून तिच्या प्रजननशक्तीची कल्पना यावी. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या करारात, म्हणजे ‘साइटीस’मध्ये, शॅमिलिओ ह्या प्रजातीचा अंतर्भाव दुसऱ्या परिशिष्टात केलेला आहे. भारतात अशा विदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने व तदनंतरच्या २०२४ मधील नियमांनी झाली.

सरडगुहिऱ्यांत सर्वच जाती अंडज नाहीत. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातील जॅक्सनचा सरडगुहिरा जिवंत पिल्लांना जन्म देतो. येमेनी जाती मात्र अंडज असून एका वेळी वीसपासून सत्तरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक अंडी घालते. मादी पाच-सहा महिन्यांच्या वयात प्रजननक्षम होते. अंडाशयातील पुटकांची वाढ सुरू झाली की ईस्ट्रोजेन ह्या अंतःस्रावाच्या प्रभावाखाली यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार करू लागते. हे प्रथिन कॅल्शियमला बांधून घेते व रक्तातून अंडाशयात पोहोचून पीतक म्हणून साठते. पुटके पक्व झाल्यावर अंडमोचन होते, अंडी अंडवाहिनीत उतरतात आणि तेथे त्यांवर चर्मपत्रासारखे कवच चढते. ह्या मालिकेतील कोणत्याही पायरीस नराची आवश्यकता नसते. नर असला तर अंडी फलित होतात, नसला तर अफलित राहतात, परंतु मादीच्या शरीरावर पडणारा भार दोन्ही परिस्थितींत जवळजवळ सारखाच असतो. कोंबडीच्या उदाहरणाने ही गोष्ट सहज समजावी. उलटपक्षी एकदा समागम झाल्यास मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते व पुढील खेपेची अंडीही नराशिवाय फलित होऊ शकतात. तेव्हा ‘ह्या मादीस नर दाखविलेला नाही’ किंवा ‘नर दूर करून चार महिने लोटले’ ह्या दोन्ही युक्तिवादांचा प्रसवाच्या संदर्भात काही उपयोग नाही.

आता ज्या मुद्द्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते तो मुद्दा. एका खेपेत किती अंडी निर्माण व्हावीत हे मादीच्या पोषणावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. नैसर्गिक अवस्थेत अन्न ऋतुमानाप्रमाणे मिळते. पावसानंतर कीटक विपुल असतात तेव्हा मादी पुष्ट होते व त्या पुष्टतेचे रूपांतर अंड्यांत करते. पिंजऱ्यात ऋतू नसतात. वर्षभर सुबत्ता, वर्षभर ऊब आणि दररोज बारा-चौदा तास प्रखर दिवे ह्यांचा अर्थ मादीचे शरीर एकच लावते, तो म्हणजे हा सुगीचा हंगाम आहे आणि तो संपत नाही. परिणामी खेपेमागून खेप, आणि प्रत्येक खेप मोठी. तीन-चार महिन्यांच्या अंतराने साठ-सत्तर अंडी घालणारी मादी पाहून पालकास अभिमान वाटतो. वास्तविक ते क्षयाचे लक्षण समजले पाहिजे. अशी मादी सहसा दीर्घायुषी होत नाही.

अनुभवी पालक म्हणूनच प्रौढ मादीचा आहार हेतुपुरस्सर आवरतात. पूर्ण वाढ झालेल्या मादीस आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-पाच मध्यम आकाराचे कीटक पुरेसे होतात. शेकण्याच्या फांदीवरील तापमान ३२ अंश सेल्सिअसवर न ठेवता २७ अंशांच्या आसपास ठेवल्यास पचन व चयापचय मंदावतात, भूक बेताची राहते आणि अंड्यांची संख्या वीस-पंचविसावर येते. काही माद्यांत तर एखादी खेप अजिबात टळते. मात्र वाढत्या पिल्लास हा नियम लावणे घातक होय. आहार आवरावयाचा तो हाडांची वाढ पुरी झाल्यावर. अंडी पोटात स्पष्टपणे दिसू लागल्यानंतर तर एकाएकी उपासमार करण्यात काहीच हशील नाही, कारण संख्या तेव्हा ठरून गेलेली असते. त्या टप्प्यावर मादीस नियमित अन्न व भरपूर पाणी हवे.

अंडी घालणे हे सरडगुहिऱ्याच्या जीवनातील केवढे महागडे कार्य आहे हे मादागास्करच्या नैर्ऋत्येकडील फर्सिफर लाबोर्डी ह्या जातीवरून दिसते. ह्या जातीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची सर्व पिल्ले पावसाळ्याच्या आरंभी एकदमच अंड्यांतून बाहेर पडतात, दोनएक महिन्यांत वयात येतात, अंडी घालतात आणि चार-पाच महिन्यांत सारी प्रौढ पिढी नाहीशी होते. वर्षाचे उरलेले आठ-नऊ महिने ती जाती केवळ अंड्यांच्या रूपाने जमिनीखाली असते. येमेनी जातीचे आयुष्य इतके आखूड नाही. चांगल्या व्यवस्थेत मादी चार-पाच वर्षे जगते. तथापि प्रजननाचा खर्च आयुष्यातून वळता होतो, हे तत्त्व दोहोंस लागू आहे.

खर्चाची मुख्य रक्कम कॅल्शियमची असते. सरडे व सर्प ह्यांच्या गर्भास लागणारे बहुतेक कॅल्शियम पीतकातून मिळते आणि काही भाग कवचातून. पक्ष्यांच्या अंड्यांत ह्याच्या उलट प्रकार असतो. म्हणजे येमेनी मादीच्या बाबतीत कॅल्शियमची मागणी कवच चढण्याच्या शेवटच्या दिवसांत नव्हे, तर पुटके वाढू लागल्यापासूनच सुरू होते. आहारातून ती भागली नाही तर परावटू ग्रंथींचा स्राव हाडांतील साठा मोकळा करतो. पाय वाकडे होणे, जबडा मऊ पडणे, पकड ढिली होणे ही हाडे रिकामी झाल्याची लक्षणे होत. स्नायूंच्या आकुंचनासही कॅल्शियम आवश्यक असल्यामुळे अंडवाहिनीचे स्नायूही दुर्बळ होतात, आणि ज्या क्षणी अंडी बाहेर ढकलण्याचा जोर हवा त्याच क्षणी तो नसतो. अंडी अडून राहण्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

रातकिडे, झुरळे, टोळ इत्यादी कीटकांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. म्हणून कीटक खाऊ घालण्यापूर्वी त्यांवर फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी हलकेच भुरभुरवितात, आणि त्या कीटकांनाही आधी एक-दोन दिवस हिरवा पाला, भोपळा, गाजर असे सकस खाद्य देतात. येमेनी सरडगुहिरा स्वतःही थोडा पाला खातो, हा ह्या जातीचा एक विशेष. परंतु पोटात गेलेले कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यास ड-३ जीवनसत्त्व लागते, व ते त्वचेत तयार होण्यास २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण लागतात. खिडकीच्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. ‘पिंजरा उन्हात ठेवला आहे’ असे सांगणाऱ्याने मध्ये काच आहे की नाही हे पाहिले पाहिजे. दिव्यांतून मिळणारे किरणही काही महिन्यांनी क्षीण होतात आणि दृश्य प्रकाश मात्र तसाच राहतो, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

ड-३ भुकटीच्या रूपाने सरळ दिल्यास काय बिघडते, असा प्रश्न येथे उद्भवतो. अतिरेक झाल्यास मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या ह्यांत कॅल्शियम साचून इजा होते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक मनोरंजक आहे. फर्सिफर पार्डालिस ह्या मादागास्करमधील जातीवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्या प्राण्यांच्या आहारात ड-३ कमी होते ते आपण होऊन जंबुपार किरणांत अधिक वेळ बसत, आणि ज्यांना ते पुरेसे मिळत होते ते तेथून दूर सरत. आपली गरज ओळखून मात्रा ठरविण्याची शक्ती प्राण्याच्या ठायी आहे. पालकाचे काम त्यास किरण आणि सावली दोन्ही उपलब्ध करून देण्याचे आहे. भुकटीच्या बाबतीत ही निवड प्राण्याच्या हाती राहत नाही.

मादी अंडी वाहते आहे हे कसे ओळखावे? रंग हे एक साधन आहे. ऋतुमती मादी फिकट हिरवी असून तिच्यावर निळसर ठिपके उमटतात. अंडी धारण केलेली मादी गडद होते. जवळजवळ काळपट हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळे आणि निळे ठिपके ठळक दिसू लागतात. विशेषतः नर दृष्टीस पडताच हा रंग भडकतो, तोंड उघडून फुत्कार होतात व अंग डोलू लागते. ‘समागमास मी प्रतिकूल आहे’ असा तो संदेश आहे. नर दृष्टीआड ठेवणे हा अशा वेळी पहिला उपचार. सरडगुहिऱ्याच्या रंगपालटाचे मूळ त्वचेतील पेशींत असलेल्या ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या मांडणीत आहे, असे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी फर्सिफर पार्डालिसच्या अभ्यासावरून २०१५ मध्ये दाखविले. रंगपालट केवळ परिसराशी मिळून जाण्यासाठी होतो ही जुनी कल्पना त्यापूर्वीच मागे पडली होती. एकट्या वाढलेल्या मादीत मात्र गर्भावस्थेचे रंग कधी कधी फिकेच राहतात. तेव्हा वजनाचा आधार घेणे श्रेयस्कर. दर आठवड्यास एकाच वेळी, ग्रॅम दाखविणाऱ्या साध्या तराजूवर मादीचे वजन करून टिपून ठेवावे. आहार तोच असताना वजन झपाट्याने चढू लागले तर अंड्यांचा संशय घेण्यास जागा आहे. पुढे पोटाच्या खालच्या भागात, कुशीवर, लहान गोट्यांसारखे उंचवटे दिसतात. पोट दाबून अंडी चाचपण्याचा मोह मात्र आवरावा. पुटके नाजूक असून ती फुटल्यास पीतक उदरगुहेत सांडून दाह होतो.

समागमानंतर सुमारे तीन ते पाच आठवड्यांनी प्रसवकाल येतो. शेवटच्या काही दिवसांत मादीचे अन्न कमी होते किंवा सुटते, कारण पोटात अन्नास जागाच उरत नाही. पाणी मात्र ती पुष्कळ पिते. सरडगुहिरा भांड्यातले स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा फवारा अथवा थेंब-थेंब गळणारी नळी हवी. ह्यानंतर वर्तनात एक निश्चित बदल घडतो. एरवी फांद्या सोडून खाली न येणारी मादी पिंजऱ्याच्या तळावर उतरते, कोपरे धुंडाळते, जाळीवर नखे ओरबाडते. ती बाहेर पडण्यासाठी धडपडत आहे असे पाहणाऱ्यास वाटते. ती माती शोधत असते.

ह्या शोधास उत्तर पिंजऱ्यात आधीपासूनच असले पाहिजे. अंडी घालण्याचे पात्र मादी पाच महिन्यांची झाल्यापासून पिंजऱ्यात कायमचे ठेवावे, कारण पहिली खेप नेमकी केव्हा येईल हे कोणासही सांगता येत नाही. पात्र सुमारे ३० सेंटिमीटर रुंद, तितकेच लांब व निदान तितकेच खोल असावे, आणि अपारदर्शक असल्यास उत्तम. त्यात स्वच्छ धुतलेली वाळू, किंवा वाळू व खतविरहित माती ह्यांचे मिश्रण, २० ते ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावे. ओलाव्याची कसोटी सोपी आहे. मूठभर वाळू दाबली असता गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. बोटाने भोक पाडले असता ते ढासळू नये. मादी सरळ खड्डा खणत नाही, तर तिरपे भुयार खणते व त्यात पूर्णपणे शिरते. कोरड्या वाळूत भुयार तिच्या अंगावर कोसळते आणि चिखलात ती अंडी घालणार नाही. वाळू थंडगार असल्यास तीही नाकारली जाते. खोलीच्या तापमानाइतकी, म्हणजे चोवीस-पंचवीस अंशांची ऊब पुरते. पात्रात उतरण्यास एक जाड फांदी लावून द्यावी. कुंडीतील झाडे पिंजऱ्यात असल्यास मादी पात्र सोडून कुंडीच पसंत करते, असाही अनुभव आहे. कुंडी पुरेशी खोल असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही.

येथे शरीररचनेतील एक विसंगती ध्यानात घ्यावी. सरडगुहिऱ्याचा पंजा फांदी धरण्यासाठी बनलेला आहे. पुढील पायाची तीन बोटे आतल्या बाजूस व दोन बाहेरच्या बाजूस, मागील पायाची दोन आत व तीन बाहेर अशी जुळलेली असतात. असल्या चिमट्याने माती खणणे कष्टाचे काम. मादी पुढील पायांनी वाळू सैल करते, मागील पायांनी ती मागे लोटते, दमते, थांबते, पुन्हा लागते. एका जागी अडथळा आला किंवा तळ लागला तर ती भुयार सोडून दुसरे आरंभिते. हे काम काही तासांत आटोपते किंवा दोन दिवसही चालते. ह्या काळात तिने न खाणे, अंग मातीने माखणे, रात्री भुयारातच राहणे ह्यांत काहीही विपरीत नाही.

विपरीत असते ते पाहणाऱ्याचे कुतूहल. खणत असताना आपल्याकडे कोणी पाहत आहे हे लक्षात येताच मादी काम टाकून देते. निसर्गात जमिनीवर उतरलेली, अर्धी बिळात शिरलेली, मंदगती मादी हे कोणत्याही भक्षकाचे सहज भक्ष्य असते, तेव्हा हा भित्रेपणा तिच्या जातीला तारणारा आहे. पिंजऱ्यात त्याचा परिणाम उलटा होतो. दर तासाला डोकावून पाहणाऱ्या घरात मादी भुयारामागून भुयार अर्धवट टाकते व शेवटी थकून अंडी पोटातच धरून ठेवते. म्हणून पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंस व समोर कापड टांगावे, त्यास एखादे बारीक छिद्र ठेवावे, मुले व इतर पाळीव प्राणी दूर राखावेत, आणि दिवे व फवारा ह्यांची वेळ न बदलता स्वस्थ राहावे. भुयारात शिरलेल्या मादीस ‘गुदमरेल’ म्हणून ओढून काढणे ही तर शुद्ध क्रूरता होय, मग तिचा हेतू कितीही दयेचा असो.

प्रसव झाल्यावर मादी भुयार बुजविते, पायांनी माती दाबते आणि पृष्ठभाग सपाट करूनच वर चढते. सपाट माती, खपाटीला गेलेल्या कुशी व विलक्षण तहान ह्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कार्य पुरे झाले असे समजावे. अंडी मातीवर इतस्ततः किंवा फांदीवरून टाकली गेली असतील तर तिला मनाजोगी जागा मिळाली नाही, किंवा ती आजारी आहे, असा अर्थ होतो. मग आणखी अंडी आत राहिली नाहीत ना, ह्याची खात्री करून घ्यावी लागते.

आता अनिष्ट प्रसंगाविषयी. अंडी अडण्याचे दोन प्रकार वैद्यकात मानले जातात. पहिल्यात अंडमोचनच होत नाही. पुटके फुगून अंडाशयातच थांबतात, आणि मादी आठवडेच्या आठवडे खात नाही पण खणतही नाही. दुसऱ्यात कवच चढलेली अंडी अंडवाहिनीत अडकतात. कॅल्शियमची उणीव, शरीरातील पाण्याची तूट, स्थूलता, मूत्रपिंडाचा विकार, वेडेवाकडे वाढलेले अंडे, आणि खणण्यास जागा नसणे ही त्याची कारणे होत. ह्यांतील शेवटचे कारण सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत लज्जास्पद. दिवसा डोळे मिटणे, डोळे खोल जाणे, फांदीवरील पकड सुटणे, तळाशी निपचित पडणे, खणण्याचा यत्न करून एक-दोन दिवसांत काहीच निष्पन्न न होणे, ह्यांपैकी कोणतेही चिन्ह दिसल्यास सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. निरोगी मादीही खाणे सोडते. परंतु ती सावध असते, डोळे टवटवीत असतात व हालचाल चालू असते. फरक ओळखावयाचा तो ह्यावरून.

क्ष-किरणचित्रात कवचयुक्त अंडी दिसतात. पुटकांसाठी श्राव्यातीत तरंगांची तपासणी अधिक उपयोगी पडते. पहिल्या उपचारात शरीरातील पाण्याची भरपाई, ऊब आणि गरजेनुसार कॅल्शियमचे अंतःक्षेपण असते. सस्तन प्राण्यांत प्रसववेदना आणणारे ऑक्सिटोसिन कासवांत चांगले लागू पडते, पण सरड्यांत त्याचा गुण बेभरवशाचा आहे. सरीसृपांचा स्वतःचा तत्सम स्राव अर्जिनीन व्हॅसोटोसिन हा होय, हे त्याचे एक कारण. पुटके अंडाशयातच थांबली असल्यास अशा औषधाचा काहीच उपयोग होत नाही. मग उरतो शस्त्रक्रियेचा मार्ग. अंडाशय व अंडवाहिन्या काढून टाकल्यास मादी पुढे प्रसवाच्या चक्रातून कायमची सुटते. शस्त्रक्रिया जोखमीची खरीच, पण दुर्बळ झालेल्या मादीवर ती उशिरा करण्यापेक्षा लवकर केल्यास यशाची आशा अधिक असते.

सुखरूप प्रसवलेल्या मादीस पहिल्या दिवशी दीर्घ वेळ फवारा द्यावा व तिला हवे तितके पिऊ द्यावे. नंतरचा एक आठवडा आहार वाढवावा, कॅल्शियम दर खेपेस द्यावे, आणि मग पुन्हा पूर्वीच्या बेताच्या आहारावर यावे. हे परतणेच पुष्कळांस जमत नाही. हडकुळी झालेली मादी पाहून पालकाचा हात सैल सुटतो, आणि तीन-चार महिन्यांत पुढची मोठी खेप तयार होते.

अंड्यांचे काय करावे, हा प्रश्न समागम झाला असेल तरच उद्भवतो. अफलित अंडी टाकून द्यावीत. फलित अंडी वाळू हलकेच दूर सारून काढावीत, जशी होती तशीच, न फिरविता, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धी रुतवून ठेवावीत व वरच्या बाजूस पेन्सिलीची खूण करावी. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानात ती उबण्यास सहा ते नऊ महिने लागतात. मादीच्या पोटात महिनाभर राहूनही अंडी घातली जातात तेव्हा गर्भ गॅस्ट्रुला ह्या अगदी आरंभीच्या अवस्थेतच असतो. इतर बहुतेक सरड्यांत ह्या वेळी अवयवांची ठेवण सुरू झालेली असते. येमेनी जातीचा गर्भ त्यानंतरही काही काळ विकास थांबवून स्वस्थ राहतो. हा विकासविराम व त्यावरील तापमान आणि ओलावा ह्यांचा प्रभाव व्हर्जिनियातील रॉबिन अँड्र्यूज ह्या विदुषीने अभ्यासिला असून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. प्रतिकूल ऋतू अंड्यातच निघून जावा व पिल्ले अनुकूल काळी बाहेर पडावीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. भ्रूणशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ह्यात एक अनपेक्षित सोय लाभली आहे. सरीसृपांतील गॅस्ट्रुला-अवस्था पाहण्यासाठी एरवी मादीचा जीव घ्यावा लागतो. येथे ती घातलेल्या अंड्यातच मिळते, आणि म्हणून ही जाती प्रयोगशाळांत आदर्श प्राणी म्हणून स्वीकारली जात आहे.

उबविण्याच्या तापमानावरून पिल्लांचे लिंग ठरते, असे पालकांत पुष्कळ काळ समजले जाई. कासवे व सुसरी ह्यांच्या बाबतीत ते बव्हंशी खरे असल्यामुळे हा समज पसरला असावा. अँड्र्यूजबाईंनी २००५ मध्ये निरनिराळ्या तापमानांत अंडी उबवून पाहिली तेव्हा लिंगप्रमाणावर तापमानाचा परिणाम आढळला नाही. पुढे २०१८ मध्ये ह्या जातीत क्ष-य पद्धतीची लिंगगुणसूत्रे असल्याचे दाखविण्यात आले. थोडक्यात, ऊष्मा वाढवून नर मिळविण्याची खटपट व्यर्थ असून तिच्यापायी अंडी मात्र नासतात.

आपल्याकडील शॅमिलिओ झेलॅनिकसची मादीही अंडी घालण्यासाठी झाडावरून जमिनीवर उतरते व माती खणते. शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला संथपणे चालणारी, पोट जड झालेली अशी मादी विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडण्याचा संभव आहे. तिला उचलून प्रयोगशाळेत आणणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि आणली तरी अनोळखी पिंजऱ्यात ती अंडी अडकवून धरण्याचीच शक्यता फार. ती रस्त्यावर असेल तर ज्या दिशेने निघाली होती त्या बाजूच्या मातीवर तिला सोडावे, स्थळ, दिनांक व जमिनीचा प्रकार टिपून घ्यावा, आणि दूर व्हावे. ती जखमी आढळल्यास वनविभागास कळवावे.